स्टॅटिक साइटवरील मराठी ब्लॉग आणि त्याची थीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात मराठीतून स्वतःचा ब्लॉग चालवू पाहणाऱ्या मंडळींना थीम बसवून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे मुख्यतः ह्यूगो या साधनाला धरून आहेत. जेकिल या तशाच दुसऱ्या साधनाचा उल्लेख फरक पडतो तेथेच केला आहे. आज्ञा, फोल्डर आणि फायली यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील. उदाहरणादाखल ऐरोली ते ठाणे या पट्ट्यातील खाडीकाठच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा एक ब्लॉग डोळ्यांसमोर धरला आहे.

स्टॅटिक साइट म्हणजे नेमके काय, आणि तिच्यात थीमचे काम कोणते?

स्टॅटिक साइटवरील प्रत्येक पान आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवलेले असते. वाचकाने लिंक उघडल्यावर तेथे डेटाबेस चाळला जात नाही की कोणताही प्रोग्राम चालत नाही. तयार फाइल तेवढी पाठवली जाते. आपण मार्कडाउन या साध्या मजकूर पद्धतीत लेख लिहितो, ह्यूगोसारखा प्रोग्राम तो मजकूर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, ओततो आणि पूर्ण साइट पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये तयार करून देतो. ही टेम्प्लेटे, पानाची सजावट, मेन्यू, तारखेची मांडणी आणि "पुढे वाचा" यांसारखे ठरावीक शब्द, हे सर्व मिळून थीम होते. लेख आपला असतो आणि थीम बहुधा दुसऱ्या कोणीतरी तयार करून सर्वांसाठी खुली केलेली असते. पुढील बहुतेक उत्तरे याच एका भेदातून निघतात.

जेकिल घ्यावे की ह्यूगो?

जेकिल 2008 साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी रुबी भाषेत तयार केले आणि गिटहब या संकेतस्थळाच्या साइट प्रसिद्ध करण्याच्या सोयीवर, म्हणजे गिटहब पेजेसवर, ते आजही थेट चालते. ह्यूगो 2013 साली स्टीव्ह फ्रान्सिया यांनी गो भाषेत सुरू केले. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही ह्यूगो सुचवतो, कारण तो एकच प्रोग्राम उतरवून घेतला की काम सुरू होते. विंडोजवर रुबी आणि तिची पूरक पॅकेजे बसवण्यात जो वेळ जातो, तो वाचतो. ज्यांचा ब्लॉग जेकिलवर सुरळीत चालू आहे, त्यांनी केवळ ह्यूगोच्या वेगासाठी स्थलांतर करण्याचे कारण नाही.

थीम निवडताना काय पाहावे?

थीमच्या नमुना साइटवर सहसा मोठमोठी छायाचित्रे आणि तीन-चार शब्दांची इंग्रजी शीर्षके असतात, त्यामुळे कोणतीही थीम तेथे देखणीच दिसते. खरी परीक्षा आपल्या मजकुराने घ्यावी. "ऐरोलीच्या खाडीकाठी उतरलेले रोहित पक्षी आणि भरती-ओहोटीचे गणित" असे शीर्षक घालून पाहावे. ते चौकटीबाहेर जाते का, दुसऱ्या ओळीच्या वेलांट्या पहिल्या ओळीच्या उकारांना भिडतात का, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्द कोठे तुटतो, हे लगेच कळते.

त्यानंतर थीमच्या कोठारात (तिच्या फायली जेथे ठेवलेल्या असतात त्या रिपॉझिटरीत) शेवटचा बदल कधी झाला, ती ह्यूगोची किमान कोणती आवृत्ती मागते आणि तिला ह्यूगोची एक्स्टेंडेड आवृत्ती लागते का, हे पाहावे. सास पद्धतीने सजावट लिहिलेल्या अनेक थीमना एक्स्टेंडेड आवृत्ती लागते. साधी आवृत्ती बसवलेल्या माणसाला मग असे काही त्रुटिसंदेश दिसतात की थीमच बिघडलेली आहे असा त्याचा समज होतो. भाषांतरांच्या आय-एटीन-एन फोल्डरमध्ये मराठीची एम-आर नावाची फाइल असल्यास उत्तम. नसल्यास ती आपल्याला लिहिता येते.

आमचे मत विचाराल तर सजावटीत रुक्ष वाटणारी, मजकुराला रुंद जागा देणारी आणि अनेकांच्या वापरात असलेली थीम घ्यावी. पेपरमॉड ही तशी आहे. ह्यूगोच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत येणारी अनांके शिकण्यापुरती चांगली आहे.

थीम बसवण्याच्या अनेक पद्धती दिसतात. त्यांतली कोणती वापरावी?

प्रचलित पद्धती तीन आहेत. झिप फाइल उतरवून थीम्स फोल्डरमध्ये उलगडणे ही सर्वांत सोपी, पण तिच्यात पुढे सुधारणा घेणे जिकिरीचे होते. ह्यूगो मॉड्यूल ही पद्धत नेटकी आहे, मात्र तिच्यासाठी संगणकावर गो भाषाही बसवावी लागते. गिट हे फायलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन आहे. त्याचे सबमॉड्यूल, म्हणजे आपल्या कोठारात जोडलेले दुसरे कोठार, ही मधली वाट असून बहुतेकांना आम्ही तीच सुचवतो: थीम तिच्या मूळ कोठाराशी जोडलेली राहते, आणि तिची नेमकी कोणती आवृत्ती आपण वापरतो याची नोंद आपल्या कोठारात होते.

क्रम असा ठेवावा. प्रथम ह्यूगोच्या आज्ञेने नवी साइट तयार करावी, त्या फोल्डरमध्ये गिट सुरू करावे, थीमचा पत्ता देऊन ती थीम्स फोल्डरखाली सबमॉड्यूल म्हणून जोडावी, आणि साइटच्या सेटिंग फाइलमध्ये थीमचे नाव लिहावे. ते नाव थीम्स फोल्डरमधील उपफोल्डरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. सेटिंग फाइलचे नाव 0.110 या आवृत्तीपासून ह्यूगो-डॉट-टॉमल असे झाले. जुन्या मार्गदर्शिकांत ती कॉन्फिग-डॉट-टॉमल नावाने आढळेल. ह्यूगो दोन्ही नावे ओळखतो, पण दोन्ही फायली एकाच वेळी ठेवून गोंधळ ओढवून घेऊ नये.

सर्व सांगितल्याप्रमाणे केले, तरी पान कोरे दिसते. काय चुकले असावे?

सर्वप्रथम टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आलेला इशारा वाचावा. मुखपृष्ठासाठी लेआउट सापडला नाही असे त्यात म्हटले असेल, तर ह्यूगोला थीमच मिळालेली नाही. अशा वेळी थीमचा फोल्डर उघडून पाहावा. दुसऱ्या संगणकावर आपले कोठार उतरवून घेताना सबमॉड्यूल आपोआप येत नाहीत. फोल्डर दिसतो, पण आत काहीच नसते. उतरवतानाच सबमॉड्यूलसह उतरवण्याचा पर्याय द्यावा, किंवा नंतर ती वेगळ्या आज्ञेने भरून घ्यावीत. गिटहब अॅक्शन्सने (गिटहबवर ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या सोयीने) साइट तयार होत असेल, तर तेथील चेकआउटच्या, म्हणजे कोठार उतरवून घेण्याच्या, टप्प्यातही सबमॉड्यूल आणण्याची सूचना लिहावी लागते.

पानाचा मथळा आणि मेन्यू दिसतो पण लेख दिसत नाही, अशी स्थिती असेल तर लेखाच्या शिरोभागातील (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळींतील) ड्राफ्ट ही नोंद पाहावी. ह्यूगोने तयार केलेल्या नव्या लेखात ती बहुधा "ट्रू" (होय) अशी असते आणि कच्चे लेख अंतिम साइटमध्ये घेतले जात नाहीत. याशिवाय काही थीम मुखपृष्ठावर केवळ पोस्ट्स या फोल्डरमधले लेख दाखवतात. आपण लेख "नोंदी" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले असतील, तर मेनसेक्शन्स या सेटिंगमध्ये तसे कळवावे.

घरच्या संगणकावर साइट व्यवस्थित दिसते, पण गिटहब पेजेसवर चढवल्यावर रंग, फाँट, मांडणी काहीच दिसत नाही.

बहुतेक वेळा साइटचा पत्ता सांगणारी बेसयूआरएल ही एकच ओळ चुकलेली असते. गिटहबवर आपल्या सदस्यनामाच्याच नावाचे खास कोठार सोडून दुसऱ्या कोठारातून साइट चालवली, तर तिच्या पत्त्यात कोठाराचे नावही जोडले जाते. सेटिंगमध्ये ते लिहिले नसेल तर ब्राउझर सजावटीची फाइल चुकीच्या ठिकाणी शोधतो आणि त्याला ती सापडत नाही. पत्ता सुरक्षित एचटीटीपीएस रूपात, कोठाराच्या नावासह आणि शेवटी तिरकी रेघ देऊन लिहावा.

सकाळी नऊची वेळ घातलेला लेख दुपारपर्यंत दिसतच नाही. असे का होते?

हा प्रश्न भारतातून लिहिणाऱ्यांना हमखास पडतो, आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याचे उत्तर क्वचितच मिळते. लेखाच्या तारखेत कालविभाग लिहिलेला नसेल आणि साइटच्या सेटिंगमध्येही तो दिलेला नसेल, तर ह्यूगो ती वेळ जागतिक प्रमाणवेळेतील समजतो. आपण लिहिलेले सकाळचे 9 म्हणजे त्याच्या लेखी भारतातील दुपारचे 2.30. तोपर्यंत तो लेख भविष्यातला ठरतो आणि भविष्यातले लेख ह्यूगो मुळात वगळतो. रात्री उशिरापर्यंत लिहिणाऱ्यांना याचाच दुसरा अनुभव येतो: मध्यरात्रीनंतर केवळ तारीख घालून लेख चढवला, की तो पहाटे 5.30 पर्यंत अडकून राहतो.

उपाय दोन आहेत. तारखेच्या शेवटी अधिक चिन्हासह 05:30 हा फरक लिहावा, किंवा टाइमझोन या सेटिंगमध्ये आशिया आणि कोलकाता ही नावे तिरक्या रेघेने जोडून, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे ठेवून लिहावीत. दुसरा उपाय एकदाच करावा लागतो, म्हणून तो बरा. ह्यूगोच्या आज्ञेने नवा लेख तयार केल्यास संगणकाच्या घड्याळावरून हा फरक आपोआप लिहिला जातो; अडचण येते ती जुन्या लेखाची प्रत काढून तारीख हाताने बदलणाऱ्यांना.

यात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. लेखाची वेळ उलटून गेली म्हणून स्टॅटिक साइट स्वतःहून जागी होत नाही. ती नव्याने तयार करावीच लागते. पुढच्या तारखेचे लेख आगाऊ लिहून ठेवायचे असतील, तर गिटहब अॅक्शन्समध्ये रोजची ठरावीक वेळ नेमून द्यावी. तेथील वेळापत्रक मुळात जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते, म्हणून सकाळी 6 वाजता साइट तयार व्हायला हवी असेल तर मध्यरात्रीनंतरची 30 मिनिटे, म्हणजे 00:30, अशी नोंद करावी. गर्दीच्या काळात हे काम थोडे उशिरा सुरू होऊ शकते.

थीमच्या फोल्डरमधील फाइल थेट बदलली तर काय बिघडते?

त्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच अनेक जण तो मार्ग धरतात. थीमची पुढची आवृत्ती घेतली की आपले बदल तिच्याशी भांडू लागतात किंवा पुसले जातात. शिवाय सबमॉड्यूलमध्ये केलेला बदल आपल्या कोठारात साठवलाच जात नाही. तो केवळ आपल्या संगणकावर असतो, त्यामुळे प्रसिद्ध झालेल्या साइटवर तो दिसत नाही आणि कारणही उमगत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या घरात भिंती फोडण्याऐवजी आपले सामान आपल्या जागी लावावे, तसेच येथे करावे.

त्यासाठी ह्यूगोने उत्तम सोय केली आहे. टेम्प्लेट शोधताना तो आधी साइटच्या स्वतःच्या लेआउट्स फोल्डरमध्ये पाहतो आणि तेथे न मिळाल्यासच थीमकडे जातो. समजा, पानाच्या तळाशी असलेल्या पट्टीत आपल्याला "छायाचित्रे परवानगीशिवाय वापरू नयेत" असे वाक्य हवे आहे. थीममधील त्या पट्टीची फाइल ज्या उपफोल्डरात आहे, तसाच उपफोल्डर आपल्या लेआउट्समध्ये तयार करून ती एकच फाइल तेथे आणावी आणि बदल तिच्यात करावा. मूळ फाइल जागेवर तशीच राहते. एका वाक्यासाठी थीमची सगळी टेम्प्लेटे उचलून आणणारेही आढळतात. त्यांनी खरे तर थीमची देखभाल स्वतःकडे घेतलेली असते.

केवळ रंग, अक्षरांचा आकार किंवा मोकळी जागा बदलायची असेल, तर टेम्प्लेटला हातही लावू नये. पेपरमॉडमध्ये असेट्स, त्याखाली सीएसएस आणि त्याखाली एक्स्टेंडेड अशा फोल्डरात ठेवलेली कोणतीही सजावटीची फाइल आपोआप जोडली जाते. इतर थीममध्येही अशी जागा बहुधा असते; थीमच्या माहितीपत्रकात "कस्टम सीएसएस" हे शब्द शोधावेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या ह्यूगोच्या 0.146 या आवृत्तीने टेम्प्लेटांच्या फोल्डरांची रचना बदलली. जुन्या मार्गदर्शिकेतील फोल्डरांची नावे नव्या थीमशी जुळतीलच असे नाही, म्हणून नेहमी आपल्या थीमचा फोल्डर उघडून त्यातील मांडणीच प्रमाण मानावी.

मराठी अक्षरे प्रत्येक मोबाइलवर वेगळी का दिसतात, आणि फाँट कोणता घ्यावा?

बहुतेक थीम रोमन लिपी समोर ठेवून तयार झालेल्या असतात. त्यांनी नेमलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसली की ब्राउझर त्या यंत्रावर उपलब्ध असलेला फाँट उचलतो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. त्यामुळे एकच लेख तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसतो. सर्वत्र सारखे रूप हवे असेल, तर देवनागरी फाँट आपणच साइटसोबत द्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फाँट पडद्यावर सलग वाचायला सुखद आहे. दीर्घ आणि गंभीर लेखनाला टिरो देवनागरी मराठी शोभतो. नोटो सॅन्स देवनागरी कोठेही चालतो. हे तिन्ही खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. फाँटची वॉफ-टू प्रकारची फाइल आपल्याच साइटवर ठेवावी आणि साधा व ठळक अशी दोनच वजने घ्यावीत. ठाण्याहून नेरूळला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याने लेख उघडणाऱ्याला तिसऱ्या वजनाची उणीव जाणवणार नाही. पान लवकर उघडल्याचे मात्र नक्की जाणवेल.

फाँटहून अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे पानाच्या भाषेची खूण. प्रत्येक वेबपानाच्या पहिल्या ओळींत ते कोणत्या भाषेत आहे हे लिहिलेले असते. तेथे एम-आर ही मराठीची खूण असेल, तर नोटोसारखे फाँट ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे दाखवतात. खूण इंग्रजीची राहिली तर हीच अक्षरे हिंदी वळणाने येतात. लेख काळजीपूर्वक लिहूनही पान कोठेतरी परके वाटते, त्यामागे अनेकदा हीच एक खूण असते.

सजावटीतही काही बदल आवश्यक ठरतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये जागा सोडण्याची सूचना अनेक थीममध्ये असते. रोमन अक्षरांना ती खुलून दिसते, पण देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते, म्हणून ती शून्य करावी. ओळींमधील अंतर फाँटच्या आकाराच्या 1.7 पट किंवा थोडे अधिक ठेवावे, म्हणजे "दृष्टीत" आणि "कुंपणाखालून" हे शब्द वरखाली आले तरी एकमेकांना खेटत नाहीत. अवतरणे तिरप्या अक्षरांत दाखवण्याची रीतही बंद करावी. देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये तिरपी रूपे आखलेली नसतात, त्यामुळे ब्राउझर उभी अक्षरेच ओढून तिरकी करतो आणि ती कलंडल्यासारखी दिसतात. जोर देण्यासाठी ठळक अक्षरे पुरेशी आहेत.

"रीड मोअर", "मिन रीड", इंग्रजी महिने हे सर्व मराठीत कसे आणावे?

येथे दोन सेटिंगमध्ये गल्लत होते. लँग्वेजकोड ही नोंद पानाला आणि फीडला (नव्या लेखांच्या यादीच्या फाइलला) भाषेची खूण देते. थीमची भाषांतरे कोणत्या फाइलमधून घ्यायची, हे डिफॉल्ट-कंटेंट-लँग्वेज ही नोंद ठरवते. पहिलीत मराठी लिहून दुसरी तशीच सोडली, तर ह्यूगो इंग्रजी गृहीत धरतो आणि लेख मराठीत, बटणे इंग्रजीत अशी सरमिसळ होते. दोन्ही ठिकाणी एम-आर लिहावे.

त्यानंतर थीमची इंग्रजी भाषांतर-फाइल आपल्या साइटच्या आय-एटीन-एन फोल्डरमध्ये आणावी, तिला एम-आर हे नाव द्यावे आणि उजवीकडील शब्द मराठीत लिहावेत. डावीकडील शब्द टेम्प्लेटचे असतात, त्यांना हात लावू नये. एकवचन आणि अनेकवचन यांच्या जागा वेगवेगळ्या असतात, म्हणून "1 मिनिट" आणि "5 मिनिटे" ही दोन्ही रूपे नीट येतात. महिन्यांची नावे मराठीत येण्यासाठी थीमने तारीख स्थानिक पद्धतीने छापलेली असावी लागते. टेम्प्लेटमध्ये इंग्रजी नमुना थेट कोरलेला असेल, तर तेवढी फाइल आपल्या लेआउट्समध्ये आणून दुरुस्त करावी.

वाचनवेळेचा आकडा मराठीसाठी फारसा विश्वासार्ह नाही. ह्यूगो मिनिटाला सुमारे 213 शब्द धरून हिशेब करतो. आपल्याकडे "खाडीकाठावरच्या" हा एकच शब्द मोजला जातो, जेथे इंग्रजीत चार-पाच होतील. म्हणून मराठी लेख प्रत्यक्षापेक्षा छोटा भासतो. आम्ही तो आकडा बहुधा बंदच करून देतो.

लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवावा का?

ब्राउझरच्या पट्टीत तो सुरेख दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा त्याचे रूप पालटते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. "ठाणे" या शब्दात अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे त्याची 36 अक्षरे होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली अशी लांबलचक लिंक पाहून घरातील वडीलधारी मंडळी ती उघडायला कचरतात, आणि हल्लीच्या फसवणुकीच्या दिवसांत ते चुकीचेही नाही.

ह्यूगोमध्ये पत्ता मुळात फाइलच्या नावावरून ठरतो. म्हणून फाइलचे नाव रोमन लिपीत, छोटे आणि जोडरेघांनी तोडलेले ठेवावे. शीर्षक अर्थातच मराठीत. एकदा प्रसिद्ध झालेला पत्ता बदलू नये. बदलावाच लागला तर लेखाच्या शिरोभागात अलायसेस या नोंदीत जुना पत्ता लिहावा, म्हणजे जुन्या लिंकवरून येणारा वाचक नव्या पानावर पोहोचतो.

टॅग किती आणि कसे द्यावेत?

प्रत्येक टॅगचे स्वतंत्र पान तयार होते, आणि लेखनात किंचित फरक पडला तरी दुसरे पान तयार होते. "फ्लेमिंगो", "रोहित" आणि "रोहित पक्षी" असे तीन टॅग आले की एकाच पक्ष्याच्या नोंदी तीन पानांत विखुरतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली घोषित झाले, तेव्हापासूनच्या हंगामवार नोंदी एकत्र पाहू इच्छिणाऱ्या वाचकाला त्यांतील एकच पान सापडते आणि लेखकाने पुढे लिहिलेच नाही असे त्याला वाटते. टॅगांची एक यादी फाइलमध्ये ठेवून तिच्याबाहेर जाऊ नये.

साइटवर शोधाची सोय करता येते का?

येते. सर्व्हरवर प्रोग्राम चालत नसल्यामुळे शोध वाचकाच्या ब्राउझरमध्येच होतो. पेपरमॉड त्यासाठी फ्यूज हे शोधसाधन वापरते. कोणत्याही थीमला पेजफाइंड हे दुसरे शोधसाधन जोडता येते आणि लेख शेकड्यांनी असतील तर तेच सोयीचे पडते.

मराठीपुरती अडचण सामान्यरूपाची आहे. साध्या शोधयंत्रणेला "ठाणे" आणि "ठाण्यात" हे एकाच नावाचे दोन अवतार आहेत हे कळत नाही. वाचकाने "ठाण" एवढेच टाइप केले तर सुरुवात जुळल्यामुळे दोन्ही मिळतात, म्हणून शोधचौकटीत "शब्दाची पहिली अक्षरे लिहा" अशी सूचना ठेवणे उपयोगी पडते. दुसरी अडचण "दुसऱ्या", "किनाऱ्यावर" अशा शब्दांतील र-ची: ती दोन वेगळ्या कळक्रमांनी लिहिता येते, डोळ्यांना सारखी दिसते, पण संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. लेखनासाठी एकच कळफलक वापरल्यास निदान आपल्या लेखांत तरी एकवाक्यता राहते.

छायाचित्रे जड होतात. थीम त्यांचा आकार कमी करते का?

काही थीम करतात, पण छायाचित्र योग्य ठिकाणी ठेवले तरच. लेखासाठी स्वतंत्र फोल्डर करून त्यात मजकूर इंडेक्स नावाच्या फाइलमध्ये आणि छायाचित्रे शेजारी ठेवावीत. अशी छायाचित्रे ह्यूगोला लहान करता येतात. स्टॅटिक फोल्डरमध्ये टाकलेली मात्र तो जशीच्या तशी पुढे पाठवतो. लहान केलेल्या प्रतीत मोबाइलने नोंदवलेले स्थान वगैरे तपशील राहत नाहीत, ही आणखी एक जमेची बाजू. मूळ छायाचित्र जसेच्या तसे चढवले तर ते तपशीलही सोबत जातात. घराच्या खिडकीतून टिपलेला खंड्या किंवा कोणाचे चालू असलेले घरटे अशा प्रकारे नकाशावर उघडे पडू शकते.

थीम अद्ययावत कधी करावी?

सुरळीत चालले असेल तर घाई करू नये. ह्यूगोच्या नव्या आवृत्त्या वरचेवर येतात आणि त्यांत जुन्या गोष्टी हळूहळू काढल्या जातात. एका पानावर किती लेख दाखवायचे याचे सेटिंग आणि सास वापरण्याची पद्धत 0.128 मध्ये अशीच बदलली. गिटहब अॅक्शन्समध्ये "नवीनतम आवृत्ती वापरा" असे लिहिलेले असेल, तर आपण काहीही न करता एके दिवशी साइट तयार होणे थांबते. तेथे आवृत्तीचा नेमका आकडा लिहावा आणि घरच्या संगणकावरही तीच ठेवावी. थीम व ह्यूगो दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत, कारण मग बिघाड कोणामुळे झाला ते शोधणे अवघड जाते. बदल गिटच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे साइटच्या स्वतंत्र प्रतीत, करावा, मुखपृष्ठ, एखादा जुना लेख आणि टॅगचे पान पाहून घ्यावे, आणि मगच तो मुख्य शाखेत आणावा.

पुढे थीम आवडेनाशी झाली तर जुने लेख नव्या थीममध्ये तसेच येतील का?

मजकूर येईल. अडखळतात ते थीमचे खास शब्द. मुख्य छायाचित्रासाठी पेपरमॉड कव्हर ही नोंद मागते, अनांके फीचर्ड-इमेज मागते. त्यामुळे थीम बदलताच सर्व मुखचित्रे गायब झाल्यासारखी वाटतात. याहून त्रासदायक ठरतात ते शॉर्टकोड, म्हणजे लेखात लिहायचे छोटे संकेत, ज्यांच्या जागी ह्यूगो तयार तुकडा घालतो. एखाद्या थीमने दिलेला सुंदर चौकटीचा शॉर्टकोड शंभर लेखांत वापरला आणि नव्या थीममध्ये तो नसला, तर ह्यूगो साइट तयार करण्यासच नकार देतो. असा शॉर्टकोड वापरायचाच असेल, तर त्याची फाइल परवाना पाहून पहिल्याच दिवशी आपल्या लेआउट्समध्ये आणून ठेवावी.

थीमकर्त्याचे नाव तळपट्टीतून काढले तर चालते का?

पेपरमॉडसह अनेक थीमना एमआयटी परवाना असतो. थीमच्या फायलींसोबत परवान्याचा व हक्कांचा मजकूर ठेवणे त्यात बंधनकारक आहे. पानाच्या तळाशी दिसणारी ओळ ठेवणे बंधनकारक नाही. इतर परवान्यांच्या अटी निराळ्या असू शकतात, म्हणून लायसन्स नावाची फाइल वाचावी. आम्ही ती ओळ ठेवतो. फुकट मिळालेल्या वस्तूवर करणाऱ्याचे नाव असायला हरकत कसली?

संगणक नाही, केवळ मोबाइल आहे. तरीही हे जमेल का?

थीम बसवण्यापुरता संगणक कोणाकडून तरी घ्यावा. ते काम एका बैठकीत होते. नंतर लेख चढवण्यासाठी मोबाइलच्या ब्राउझरमधून गिटहबवर जाऊन नवी फाइल तयार करता येते, आणि ती जतन केली की अॅक्शन्स साइट पुन्हा तयार करून देते. शिरोभागाचा एक नमुना मोबाइलमधील टिपणांत जपून ठेवावा. अवतरणचिन्हे मात्र तपासून घ्यावीत: मोबाइलचा कळफलक कधी कधी साध्या अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हे टाकतो आणि शिरोभागात ती आली की ह्यूगोला ती नोंद नीट वाचता येत नाही. तसे झाल्यास अॅक्शन्सच्या पानावर लाल खूण दिसते, तिच्यावर टिचकी मारल्यास बहुधा चुकीच्या ओळीचा क्रमांक मिळतो, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत साइटची आधीची आवृत्ती वाचकांना जशीच्या तशी दिसत राहते.